सुपरचार्जर आणि आयटीबी एकाच इंजिनवर: फ्युएल मॅप थ्रॉटलवर बांधावा की दाबावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन लिटरचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी (पुढे फक्त आयटीबी म्हणतो), त्यांच्यावर बंद प्लेनम (हवेची सामाईक पेटी), त्याआधी इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि बेल्टवर फिरणारा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर (हवा दाबून भरणारा ब्लोअर). रेडलाइन (इंजिन फिरण्याची कमाल मर्यादा) 7500 आरपीएम, तिथे बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा जास्तीचा दाब, 0.6 बार. सुपरचार्जर नव्हता तेव्हा थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम एवढ्यावरच, म्हणजे अल्फा-एनवर, फ्युएल मॅप (इंधन किती द्यायचं त्याचा तक्ता) बांधून इंजिन व्यवस्थित चालत होतं. आता तोच थ्रॉटल, तेच आरपीएम, पण लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण: 1 म्हणजे नेमकं, त्याखाली रिच म्हणजे इंधन जास्त, त्यावर लीन म्हणजे इंधन कमी) कधी 0.90 दिसतो तर कधी 1.05. हवा तापली की क्रूझला, म्हणजे एकसारख्या वेगाने हलक्या थ्रॉटलवर चालताना, मिश्रण लीन होतं. दाब-सेन्सर एका रनरला (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीला) जोडलाय, त्याचा सिग्नल इतका थरथरतो की त्यावर मॅप बांधणं शक्य नाही. थ्रॉटल उघडला की मिश्रण आधी लीन, मग रिच असा झोका घेतं. शिवाय पुढे पुली लहान करायची आहे. मग करायचं काय?

मॅप थ्रॉटलवरच ठेवा आणि त्याला दाबाने गुणा. मात्र हा दाब रनरमधला घेऊ नका, प्लेनममधला घ्या. तुमच्या निम्म्या तक्रारी सेन्सरची नळी चुकीच्या जागी असल्यामुळे आहेत.

हे असं का, ते समजून घेतलं की पुढचं ट्यूनिंग सोपं जातं. टाकीखालचा नळ किती उघडलाय एवढं पाहून पाणी किती येईल ते सांगता येत नाही, टाकीत पातळी किती आहे तेही माहीत लागतं. सुपरचार्जर नसताना थ्रॉटलच्या वरच्या बाजूला कायम वातावरणाचा दाब असतो, म्हणून नुसत्या कोनावर भागतं. सुपरचार्जर बसवला की वरचा दाब बदलता होतो, आणि तो फक्त आरपीएमवर ठरत नाही. बायपास व्हॉल्व्ह (जास्तीची हवा थ्रॉटलकडे न नेता वळवणारा) किती उघडा आहे, बेल्ट घसरतोय का, इंटरकूलर किती तापलाय, आत्ताच थ्रॉटल सोडलाय की हळूहळू दाबत आणलाय, या सगळ्यावर तो हलतो. बायपास उघडायचा आणि मिटायचा बिंदू कधीच एक नसतो. थ्रॉटल वाढवत 30 टक्क्यांवर आलात तर प्लेनममध्ये एक दाब, कमी करत 30 टक्क्यांवर आलात तर दुसरा. अल्फा-एनला ह्यातलं काहीच कळत नाही. तुमचे 0.90 आणि 1.05 तिथून येतात.

ह्यातली चांगली गोष्ट अशी की ठरावीक कोन आणि ठरावीक आरपीएम असताना आत जाणारी हवा प्लेनमच्या अ‍ॅब्सोल्यूट (म्हणजे वातावरणाच्या दाबासकट एकूण) दाबाच्या जवळपास प्रमाणात वाढते. कमी थ्रॉटलला तर हे फारच नेमकं लागू पडतं. रनरमधला दाब प्लेनमच्या दाबाच्या साधारण 53 टक्क्यांखाली गेला की थ्रॉटलच्या फटीत हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो. मग खाली कितीही व्हॅक्यूम असो, प्रवाह फक्त वरच्या दाबावर आणि तापमानावर ठरतो. म्हणून गणित असं मांडायचं: मूळ तक्ता थ्रॉटल आणि आरपीएमचा, तो 100 केपीए (म्हणजे 1 बार) प्लेनम दाबासाठी आहे असं धरायचं, आणि त्याला प्लेनम दाब भागिले 100 ने गुणायचं. समुद्रसपाटीला 0.6 बार बूस्ट म्हणजे जवळपास 160 केपीए, म्हणजे गुणक 1.6. दीड हजार मीटर उंचीवर हवेचा दाब साधारण 85 केपीए असतो. तिथेही हाच गुणक काम करतो, वेगळी बॅरोमीटर दुरुस्ती लागत नाही. उलट ती चालू राहिली असेल तर बंद करा, नाहीतर एकच दुरुस्ती दोनदा लागेल.

मग सरळ स्पीड-डेन्सिटी, म्हणजे रनरमधल्या दाबावर मॅप, का नको? तत्त्वतः चालतो, आणि काही जण चालवतातही. अडचण रिझोल्यूशनची आहे. आयटीबीत रनरचं आकारमान इतकं लहान असतं की कमी आरपीएमला थ्रॉटल पाव उघडेपर्यंत रनरमधला सरासरी दाब वरच्या दाबाला जवळपास टेकतो. उरलेला पाऊण थ्रॉटल मग तक्त्यातल्या मोजक्या केपीएमध्ये कोंबावा लागतो. त्यात प्रत्येक इनटेक स्ट्रोकला तो दाब खाली जाऊन परत वर येतो, म्हणून सेन्सर कुठल्या क्षणी वाचतो यावर आकडा बदलतो. जोरदार फिल्टर लावला तर आकडा स्थिर दिसतो, पण उशिरा येतो. प्लेनममध्ये मात्र हवेचा साठा मोठा असतो आणि चारही सिलिंडर त्यातून ओढतात, त्यामुळे तिथला सिग्नल आपोआप शांत असतो. तिथे फिल्टर अगदी हलका ठेवा.

कारखान्यांनीही हा प्रश्न आपापल्या परीने सोडवलाय. निसानच्या आरबी26डीईटीटी इंजिनात सहा स्वतंत्र थ्रॉटल आणि दोन टर्बो होते. तिथे टर्बोच्या आधी हॉट-वायर सेन्सर बसवून हवेचं वस्तुमानच मोजलं जायचं, त्यामुळे थ्रॉटल एक की सहा हा प्रश्नच उरला नाही. पण आफ्टरमार्केट (बाहेरून घेऊन बसवलेल्या) ईसीयूवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकावर, काम करताना सेन्सरची मापनश्रेणी, पाइपची मांडणी आणि बायपासमधून परत फिरणारी हवा दोनदा मोजली जाणं ही डोकेदुखी अंगावर घ्यावी लागते. मी तरी त्या वाटेला जात नाही.

आता तापमान. क्रूझला गरम हवेत लीन होण्याचं उत्तर इथे आहे, आणि ही गोष्ट बऱ्याच अनुभवी ट्यूनरच्याही नजरेतून सुटते. बहुतेक ईसीयू हवेच्या तापमानाची दुरुस्ती आदर्श वायूच्या नियमाने करतात: केल्विनमध्ये तापमान जितकं वाढलं, तितकं इंधन कमी. 20 अंशांवरून 60 अंशांवर गेलात तर 293 भागिले 333, म्हणजे सुमारे 12 टक्के कपात. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना हे बऱ्यापैकी बरोबर आहे. पण अरुंद फटीतून जाणाऱ्या हवेचं वस्तुमान तापमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. म्हणजे कमी थ्रॉटलला हवा 12 टक्के नव्हे, 6 टक्केच कमी होते. ईसीयू 12 टक्के इंधन कापतो, हवा 6 टक्के कमी होते, आणि उरलेल्या फरकाइतकं मिश्रण लीन होतं. लोक अशा वेळी मूळ तक्त्यात इंधन वाढवतात. मग थंड हवेत तीच जागा रिच होते आणि हा पाठशिवणीचा खेळ कधी संपत नाही. तुमच्या ईसीयूत तापमान-दुरुस्तीचा तक्ता लोडवर किंवा थ्रॉटलवर मांडता येत असेल तर कमी थ्रॉटलला अर्धी दुरुस्ती द्या आणि थ्रॉटल वाढेल तशी ती पूर्ण होऊ द्या. नसेल मांडता येत, तर क्रूझला क्लोज्ड लूप लॅम्डा (लॅम्डा सेन्सर बघून ईसीयूने स्वतः इंधन जुळवणं) चालू ठेवा आणि त्याला दहाएक टक्क्यांची मोकळीक द्या.

सेन्सर मात्र योग्य जागी हवा. तो इंटरकूलरनंतर, प्लेनममध्ये, वाहत्या हवेत बसवा. उघड्या घटकाचा घ्या, पितळी टोपीचा नको, तो फार सावकाश हलतो. सुपरचार्जरनंतर हवा किती तापते याचा अंदाज असावा म्हणून सांगतो: 27 अंशांची हवा 1.6 पट दाबली तर 75 टक्के कार्यक्षमतेच्या ब्लोअरमधूनही ती इंटरकूलरआधी साधारण 85 अंशांवर पोचते. क्रूझला हीच हवा बायपासमधून फिरत राहते, त्यामुळे बूस्ट नसतानाही ती तापू शकते. बायपास उघडल्यावर हवा ब्लोअरच्या तोंडाशी परत जाते, की एअर फिल्टरआधी बाहेर सोडली जाते, तेही एकदा बघून घ्या.

ट्यूनिंगला हात घालण्याआधी यांत्रिक बाजू. इथे मी हट्टी आहे. चारही थ्रॉटल फ्लो-मीटर लावून एकसारखे केल्याशिवाय लॅपटॉप उघडू नये. एक सिलिंडर रिच आणि एक लीन असेल तर लॅम्डा सेन्सर त्यांची सरासरी दाखवतो, आणि तो आकडा दोघांपैकी कुणाचाच नसतो. हे काम आयडलिंगला करा, मग पेडल थोडं दाबून 2500 ते 3000 आरपीएमला पुन्हा बघा, कारण लिंकेजमधला ढिलेपणा तिथेच उघड होतो. थ्रॉटल पोझिशन सेन्सर ज्या टोकाला आहे त्याच्या विरुद्ध टोकाचा थ्रॉटल शाफ्टच्या पिळामुळे मागे पडत असेल तर तक्ता कितीही घासला तरी उपयोग नाही.

सुपरचार्जरमुळे ह्यात एक भर पडते. 45 मिलिमीटरच्या बटरफ्लायवर वरून 60 केपीए बूस्ट आणि खालून 60 केपीए व्हॅक्यूम, म्हणजे 120 केपीएचा फरक आला, तर जवळपास 190 न्यूटन बल लागतं. शाफ्ट मधोमध असल्याने ते फिरवणारं बल नाही, पण बेअरिंगवर येतंच आणि घर्षण वाढवतं. बूस्टमध्ये असताना पेडल एकदम सोडलं तर थ्रॉटल पूर्ण मिटायलाच हवेत. रिटर्न स्प्रिंग दोन ठेवा, त्याही जोरकस. शाफ्टच्या टोकांचे सील नैसर्गिक श्वासावर चालणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले असतील तर बूस्टमध्ये तिथून हवा बाहेर फुसफुसते. साबणाचं पाणी लावून, प्लेनममध्ये कॉम्प्रेसरने दाब भरून तपासा.

बायपास व्हॉल्व्हला रनरमधलाच व्हॅक्यूम लागतो. एका रनरला नळी न लावता चारही रनरमधून बारीक भोकाच्या नळ्या एका लहान कलेक्टरमध्ये आणा आणि तिथून बायपासला द्या.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी कुठे जोडायची, यावर बरेच वाद होतात. न जोडता रेल (इंजेक्टरना इंधन पुरवणारी नळी) 3 बारवर स्थिर ठेवली तर 0.6 बार बूस्टला इंजेक्टरवर खरा फरक 2.4 बारच उरतो, आणि प्रवाह सुमारे 10 टक्क्यांनी घटतो, तोही नेमका तिथे जिथे इंधन सर्वात जास्त लागतं. म्हणून संदर्भ द्यायलाच हवा. शास्त्रशुद्ध जागा रनरची, कारण इंजेक्टर तिथे फवारतो. पण थरथरणारा सिग्नल रेग्युलेटरच्या पडद्यालाही थरथरवतो. मी प्लेनमची नळी देतो. क्रूझला प्लेनम 100 आणि रनर 50 केपीए असेल तर इंजेक्टरवरचा फरक 3 ऐवजी 3.5 बार होतो, प्रवाह 8 टक्के वाढतो, आणि तेवढं मूळ तक्ता सहज पोटात घेतो. त्याच कोनाला प्लेनम 130 झाला तर ही वाढ 10 टक्क्यांवर जाते. दोन टक्क्यांची चूक मला थरथरत्या रेलपेक्षा परवडते. ईसीयूला रेलचा दाब वाचता येत असेल तर सेन्सर बसवाच. दुरुस्तीपेक्षाही संरक्षणासाठी: बूस्टमध्ये रेलचा दाब पडला की इंजिन कट.

इंजेक्टरचा डेडटाइम, म्हणजे सिग्नल मिळाल्यापासून तो उघडेपर्यंत वाया जाणारा वेळ, डेटाशीटमधून, तुमच्या रेल-दाबासाठी, व्होल्टेजनुसार भरा. आयडलिंगला पल्स 2 मिलिसेकंदांची असेल तर 0.2 मिलिसेकंदांची चूक म्हणजे 10 टक्के. वर 13 मिलिसेकंदांच्या पल्सला तीच चूक दीड टक्का. हेडलाइट आणि पंखा लावल्यावर आयडलिंगचा लॅम्डा सरकत असेल तर दोष तक्त्यात नाही, इथे आहे.

आता मॅप. अक्षांची आखणी करताना सारख्या अंतराचे खाने पाडू नका. आयटीबीत बहुतेक हवा पहिल्या 20 टक्क्यांतच बदलते. मी थ्रॉटल अक्षाला साधारण 0, 1, 2, 3, 4.5, 6, 8, 11, 15, 20, 28, 40, 60, 100 असे आकडे ठेवतो. आरपीएम अक्षालाही खालच्या बाजूला दाटी हवी, आणि त्याचं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. कमी थ्रॉटलला दर सेकंदाला जाणारी हवा जवळपास स्थिर असते, त्यामुळे दर स्ट्रोकची हवा आरपीएम वाढलं की त्याच प्रमाणात घटते. हा वक्र सरळ रेषेने जोडला की मधला आकडा फुगतो. 1500 आणि 2500 असे दोनच बिंदू ठेवले तर 2000 ला तक्ता खऱ्यापेक्षा सुमारे 7 टक्के जास्त इंधन देईल, आणि तिथे दुरुस्त करायला तुमच्याकडे खाना नसेल. मधे 2000 चा खाना घातला की प्रश्न मिटतो.

सुरुवात बूस्टशिवाय करा. बेल्ट काढा, इंटरकूलरचा पाइप प्लेनमपासून सोडवा, तोंडाला फिल्टर लावा, आणि लोड धरून ठेवणाऱ्या डायनोवर (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) मूळ तक्ता भरा. प्लेनम तसाच राहू द्या. तो काढलात तर रनरमधल्या लहरी बदलतात आणि वरच्या आरपीएमचे आकडे नंतर जुळत नाहीत. क्रूझला लॅम्डा 1.0, पूर्ण थ्रॉटलला 0.87 च्या आसपास. कॅमचा ओव्हरलॅप (इनटेक आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) मोठा असेल तर आयडलिंगला आकड्याच्या मागे लागू नका. मिसफायर झालेल्या सिलिंडरचा न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरला लीन वाटतो, म्हणून तुम्ही इंधन वाढवता आणि मिसफायर आणखी वाढतो. तिथे इंजिनाचा आवाज ऐका, आरपीएम स्थिर कुठे राहतं ते बघा, आणि मग लॅम्डा 0.92 दाखवतोय की 0.97 याची फार फिकीर करू नका. एग्झॉस्टच्या जोडात गळती असली तरी हेच दृश्य दिसतं, म्हणून ती आधी तपासा. आयडल व्हॉल्व्ह थ्रॉटलला वळसा घालून हवा देतो आणि थ्रॉटल सेन्सरला ती दिसत नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या उघडण्यानुसार इंधनाची छोटी दुरुस्ती हवी.

ही पायरी नीट झाली की बेल्ट चढवा. इथून पुढे मूळ तक्त्याला हात लावायचा नाही. इग्निशन मुद्दाम मागे ठेवा, बूस्टमधलं लक्ष्य 0.78 ते 0.80 धरा, आणि गुणक सुरू करा. आता जो फरक दिसेल तो प्लेनम दाब आणि आरपीएमच्या वेगळ्या दुरुस्ती-तक्त्यात घाला. तो साधारण काही टक्क्यांचा असतो, आणि बहुतेक वेळा धन. कारण सुपरचार्जर एग्झॉस्ट अडवत नाही. वरचा दाब वाढतो, एग्झॉस्टचा दाब त्या मानाने कमी वाढतो, सिलिंडरमध्ये जळका वायू कमी उरतो, आणि गुणक सांगतो त्याहून थोडी जास्त हवा भरते. हा तक्ता दहा टक्क्यांच्या पलीकडे जायला लागला तर ट्यूनिंग थांबवा आणि कारण शोधा. बहुधा तापमान-सेन्सर तापून बसलेला असतो, किंवा फ्युएल पंप दमलेला.

सेंट्रिफ्युगलमध्ये दाब आरपीएमच्या साधारण वर्गाने वाढतो, त्यामुळे 3000 ला 150 केपीएचा खाना तुम्हाला कधीच गाठता येणार नाही. तो रिकामा किंवा शून्य सोडू नका, शेजारच्या खान्यांवरून पुढे ओढून भरा. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू प्रकारचा सुपरचार्जर असता तर तो खाना रोजच्या वापरात आला असता, आणि ओव्हरलॅपमधून ताजी हवा थेट एग्झॉस्टमध्ये जाऊन लॅम्डा खोटा लीन दाखवण्याचा त्रासही तिथे जास्त असता. तुमच्याकडे तो विषय गौण आहे.

चार सिलिंडरमधला फरक बूस्टमध्ये वेगळा दिसतो. प्लेनमला हवा एका टोकाने येत असेल तर शेवटच्या सिलिंडरला जास्त मिळण्याची शक्यता असते. प्रत्येक एग्झॉस्ट पाइपला तापमान-सेन्सर लावता आला तर उत्तम, नाहीतर पूर्ण लोडची एक धाव घेऊन इंजिन तिथेच बंद करा आणि चारही प्लग शेजारी ठेवून बघा. सिलिंडरनिहाय ट्रिम दोन-तीन टक्क्यांच्या पायऱ्यांनीच द्या.

अ‍ॅक्सिलरेशन एनरिचमेंट, म्हणजे थ्रॉटल उघडताना द्यायचं जादा इंधन, सर्वात शेवटी. रनरचं आकारमान लहान, म्हणून थ्रॉटल उघडताक्षणी हवा हजर होते. ही भरपाई थ्रॉटल किती वेगाने हलला त्यावर द्या, आणि तीव्र पण आखूड द्या. त्यानंतर बायपास मिटतो, प्लेनम भरतो, आणि ती दुसरी लाट गुणक सांभाळतो. तुम्हाला आत्ता जो आधी लीन मग रिच असा झोका दिसतोय तो एनरिचमेंट लांबवल्यामुळे असणार. आधी लीनचा खड्डा भरायला लोक ती लांबवतात, मग तीच दुसऱ्या लाटेवर पडते.

शेवटी पुलीबद्दल विचारलंय. पुली 10 टक्के लहान केली तर ब्लोअर 11 टक्के जोरात फिरेल आणि 0.6 चा बूस्ट साधारण 0.74 बार होईल. मॅपला हात लावावा लागणार नाही, गुणक 1.6 चा 1.74 होईल आणि इंधन त्याच प्रमाणात, म्हणजे जवळपास 9 टक्के वाढेल. पण लॉगमध्ये आधी ड्यूटी सायकल (इंजेक्टर चक्राच्या किती टक्के वेळ उघडा असतो) बघा. 7500 आरपीएमला पूर्ण चक्र 16 मिलिसेकंदांचं असतं, आणि मी 85 टक्के म्हणजे 13.6 मिलिसेकंदांपलीकडे जात नाही. आज 82 टक्के असेल तर नव्या पुलीवर 89 होईल. 220 किलोवॅटच्या आसपास शक्ती देणाऱ्या अशा इंजिनाला मिनिटाला 550 सीसी देणारे इंजेक्टर जेमतेम पुरतात. त्यामुळे 750 च्या आसपासचे आधी बसवा, त्यांचा डेडटाइम भरा, क्रूझ आणि आयडलिंग पुन्हा तपासा. पंप 4 बार रेल-दाबाला किती देतो ते त्याच्या आलेखावर बघा, कारण दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. पुली त्यानंतर.